जपान जिंकला होता, ब्राझीलमध्ये

२ सप्टेंबर १९४५ ची सकाळ. टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ ही अमेरिकी युद्धनौका उभी आहे. डेकवर टेबल मांडलंय, त्यावर कागद ठेवलेत. उंच काळी हॅट घातलेले एक जपानी गृहस्थ काठी टेकत टेबलापाशी येतात. हे परराष्ट्रमंत्री मामोरू शिगेमित्सू. एक पाय कृत्रिम असल्यानं त्यांना चालायला त्रास होतो. ते सही करतात आणि दुसरं महायुद्ध कागदोपत्री संपतं.

या समारंभाचे फोटो जगभर छापले गेले. यथावकाश ते ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यात, जपानी शेतकऱ्यांच्या वस्त्यांमध्येही पोचले. तिथे ते हातोहात फिरले, पण सोबतचा मजकूर वेगळा होता. त्यानुसार मिसुरीवर अमेरिकेनं जपानपुढे शरणागती पत्करली होती.

फोटोत काहीही फेरफार नव्हता. एआय तर सोडाच, फोटोशॉपचाही जन्म व्हायचा होता. फक्त फोटोखालची ओळ बदलली होती, आणि तेवढं पुरेसं ठरलं. युद्ध संपल्यानंतरही तिथल्या बहुसंख्य जपानी लोकांना जपान जिंकलाय असंच वाटत होतं. काही जणांनी तर वर्षानुवर्षं दुसरं काही मानायला नकार दिला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. मग पुढे वाचत गेलो आणि मेलेल्यांचा आकडा दिसला. २३. ‘जपान हरला’ हे खरं वाक्य बोलण्यावरून जपानी माणसांनीच जपानी माणसांना गोळ्या घातल्या होत्या.

पाच-दहा वर्षांसाठी आलेले

गोष्ट सुरू होते १९०८ साली. १८ जूनला ‘कासातो मारू’ नावाचं जहाज ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागलं. त्यातून ७८१ जपानी मजूर उतरले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली होती आणि कॉफीच्या मळ्यांना माणसं हवी होती. इटलीतून मजूर यायचे, पण तिथले हाल बघून इटलीच्या सरकारनं १९०२ मध्ये फुकट तिकिटावर होणारी ही भरती बंद केली. जपानात खेड्यापाड्यांत गरिबी होती. दोन्ही गरजा जुळल्या.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे १ लाख ९० हजार जपानी लोक ब्राझीलमध्ये आले. बहुतेकांचा हिशोब साधा होता. पाच-दहा वर्षं राबायचं, पैसा गाठीशी बांधायचा आणि गावी परतायचं. कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाला हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको. तो चुकतो कसा, हेही नको.

मळ्यावर मजुरी कमी आणि मालकाच्या दुकानातली उधारी जास्त. मग लोकांनी मळे सोडले, स्वस्तात जमिनी घेतल्या, जंगल तोडलं, कापूस लावला, रेशमाचे किडे पाळले. परतीची तारीख पुढे पुढे जात राहिली. मुलं मात्र ‘परत जाणारी मुलं’ म्हणूनच वाढवली जात होती. वस्तीवरच्या शाळेत जपानी भाषा शिकवायची, सम्राटाच्या तसबिरीपुढे वाकायचं. आपण इथले नाही, तिथले आहोत, हे रोज घोटवलं जात होतं.

म्हणजे ‘जपान’ हा या माणसांसाठी केवळ एक देश नव्हता. इतकी वर्षं ज्या भरवशावर कष्ट काढले, तो भरवसा होता.

आवाज बंद

१९३७ मध्ये ब्राझीलमध्ये जेतुलियो व्हार्गास यांची हुकूमशाही आली. सगळ्यांना एकजात ‘ब्राझिलियन’ करायचं असं सरकारनं ठरवलं. १९३८ मध्ये परकी भाषांतल्या शाळांवर गदा आली. १९४१ मध्ये जपानी वर्तमानपत्रं बंद झाली. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलनं जपानशी संबंध तोडले. जपानी वकिलातीची माणसं मायदेशी निघून गेली आणि सामान्य लोक मागे राहिले.

मग बंदी, बंदी आणि बंदी. सार्वजनिक ठिकाणी जपानी बोलायचं नाही. एकत्र जमायचं नाही. परवान्याशिवाय प्रवास करायचा नाही. घरातले रेडिओ जप्त. जुलै १९४३ मध्ये सांतोसच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या हजारो जपानी लोकांना २४ तासांत घरदार सोडून निघायला सांगितलं. ज्या बंदरात ‘कासातो मारू’ लागली होती, तिथूनच त्यांना हाकललं.

आता या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहा. तुम्हाला पोर्तुगीज धड वाचता येत नाही. तुमच्या भाषेतला पेपर बंद आहे. रेडिओ ऐकला तर अटक होऊ शकते. बातमी येते ती फक्त कुजबुजीतून, शेजाऱ्याकडून, कुठेतरी लपवलेल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर टोकियोचं प्रसारण ऐकणाऱ्याकडून. आणि टोकियो रेडिओ युद्धभर सांगत राहतो की आपण जिंकतोय.

याच काळात ‘शिंदो रेन्मेई’ ही गुप्त संघटना उभी राहिली. अर्थ साधारण ‘प्रजाधर्म संघ’. प्रमुख होते जपानी सैन्यातले निवृत्त कर्नल जुंजी किकावा. पुढे तिच्या साठहून जास्त शाखा झाल्या. सुरुवातीला या वातावरणातल्या लोकांनी राग काढला तो रेशीम आणि पुदिना पिकवणाऱ्या जपानी शेतकऱ्यांवर. रेशमापासून पॅराशूट होतात, पुदिन्याच्या अर्काचा युद्धात उपयोग होतो, म्हणजे तुम्ही शत्रूला मदत करताय, असा युक्तिवाद. काही ठिकाणी शेतं आणि शेड जाळण्यात आले.

बातमी आली, पण कुणाकडून?

१५ ऑगस्ट १९४५ ला सम्राट हिरोहितो यांचं भाषण रेडिओवरून प्रसारित झालं. भाषा दरबारी, जुनी, सामान्य माणसाला समजायला अवघड. त्यात ‘शरणागती’ हा शब्दच नव्हता. खुद्द जपानातही ऐकणारे अनेक जण गोंधळले होते. ब्राझीलमध्ये तर ते खरखरीतून, चोरून ऐकलेलं. काही तासांतच दुसरी बातमी पसरली: जपाननं नवं अस्त्र वापरून अमेरिकी आरमार बुडवलं, शरण आलीय ती अमेरिका.

ऑक्टोबरमध्ये सम्राटाच्या घोषणेची प्रत आणि परराष्ट्रमंत्र्यांचा संदेश रेड क्रॉसमार्फत साओ पावलोत पोचला. जपानी समाजातल्या काही प्रतिष्ठित माणसांनी त्यावर सह्या केल्या आणि तो वस्त्यांमध्ये पाठवला. यापेक्षा भक्कम पुरावा काय असणार?

पण त्या पुराव्यानं उलटंच घडलं. त्यावर सह्या करणारे लोक एका यादीत गेले.

समाज दोन गटांत फुटला. ‘काचिगुमी’ म्हणजे जिंकल्याचं मानणारे आणि ‘माकेगुमी’ म्हणजे हरल्याचं मानणारे. या नावांतली गंमत बघा. युद्धाचा निकाल काय लागला, हा खरं तर माहितीचा प्रश्न. पण तो आता ‘तू कुठल्या बाजूचा?’ असा प्रश्न झाला होता. ‘जपान हरला’ म्हणणारा माणूस बातमी देत नव्हता, तो फितूर होत होता. अशा माणसांसाठी शब्द वापरला जायचा ‘मळक्या काळजाचे’. ब्राझिलियन पत्रकार फर्नांदो मोराइस यांनी पुढे या सगळ्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावही तेच आहे.

७ मार्च १९४६ च्या रात्री बास्तोस गावात इकुता मिझोबे यांना त्यांच्या घराच्या आवारात गोळी घातली गेली. ते तिथल्या शेतकरी सहकारी संस्थेचे संचालक होते. जपान हरल्याची सूचना त्यांनी सभासदांपर्यंत पोचवली होती, एवढाच गुन्हा. १ एप्रिलला साओ पावलो शहरात पत्रकार चुझाबुरो नोमुरा मारले गेले. माजी राजदूत शिगेत्सुना फुरुया थोडक्यात बचावले. २ जूनला जिन्साकु वाकियामा यांची हत्या झाली. हे वाकियामा स्वतः जपानी सैन्यातले निवृत्त कर्नल होते. शिंदो रेन्मेईच्या प्रमुखाचाही हुद्दा तोच. दोघांनी एकाच सम्राटाची चाकरी केलेली. एकानं सम्राटाची घोषणा खरी मानली, म्हणून दुसऱ्याच्या बाजूच्या पोरांनी त्याला मारलं.

मारणारे बहुतेक तरुण होते. अनेक जण हत्येनंतर स्वतःहून पोलिसांकडे गेले. आपण काही वाईट केलंय असं त्यांना वाटत नव्हतं.

विश्वासाची बाजारपेठ

जिथे श्रद्धा असते तिथे दुकान लागतंच. काही भामट्यांनी या लोकांना जपानी येन विकायला सुरुवात केली. हरलेल्या देशाचं चलन कवडीमोलाचं झालं होतं, पण ‘जिंकलेल्या’ जपानचं चलन म्हणजे सोनंच. जपाननं जिंकलेल्या म्हणून सांगितलेल्या प्रदेशांतल्या जमिनी विकल्या गेल्या. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची तिकिटंही विकली गेली. जपानी जहाजं आपल्याला न्यायला येताहेत, या अफवेवर विसंबून काहींनी शेती विकली आणि बाडबिस्तरा घेऊन वाट बघत बसले.

जहाज आलं नाही. पण जहाज आलं नाही म्हणून विश्वास गेला, असंही झालं नाही. ज्यानं शेत विकलंय त्याला ‘जपान हरला’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. ते मान्य करायचं तर शेतही गेलं, देशही गेला, आणि वर आपण मूर्ख ठरलो. त्यापेक्षा जहाजाला उशीर होतोय असं मानणं स्वस्त.

सरकार सांगतंय ते ऐका

१९ जुलै १९४६ ला साओ पावलो राज्याचे प्रमुख मासेदो सोआरेस यांनी शेकडो जपानी लोकांना आपल्या सरकारी प्रासादात बोलावलं. ब्राझीलमध्ये जपानच्या हितसंबंधांची काळजी त्या वेळी तटस्थ स्वीडन घेत होता, म्हणून स्वीडनचे प्रतिनिधीही हजर होते. युद्ध संपलंय, जपान हरलाय, आता मारामारी थांबवा, असं समजावून सांगायचा बेत होता.

जमलेल्या काचिगुमींनी ते ऐकूनच घेतलं नाही. उलट मागणी केली की ‘बिनशर्त शरणागती’ हे शब्द वापरू नका, पेपरांत जपानच्या पराभवाच्या बातम्या येऊ देऊ नका. आणि शांततेच्या आशेनं मासेदो सोआरेस यांनी ते मान्यही केलं! ब्राझीलचे पेपर खवळले. खरं सांगायला बोलावलेली सभा खरं न छापण्याच्या आश्वासनावर संपली. हत्या थांबल्या नाहीतच.

मला या सभेत जास्त खुपतं ते वेगळंच. सांगणारं सरकार कोण होतं? ज्यानं त्यांच्या शाळा बंद केल्या, पेपर बंद केले, रेडिओ उचलून नेले, भाषा बोलायला बंदी केली, तेच. आधी कान बंद करायचे आणि मग म्हणायचं, ऐका. शिवाय पोलिसांची चौकशीची पद्धत अशी, की संशयितापुढे सम्राटाची तसबीर किंवा जपानी झेंडा ठेवायचा आणि म्हणायचं, याच्यावर पाय दे. दिला तर तू निर्दोष, नाही तर आत. सत्य मान्य करायचं म्हणजे सम्राटाला तुडवायचं, हे समीकरण पोलिसांनीच पक्कं केलं. ज्याला मनातून पराभव पटलाही असेल, त्यानं पाय द्यायचा कसा?

इकडे बाकीचा ब्राझीलही तापला होता. ३१ जुलैला ओस्वाल्दो क्रूझ गावात एका जपानी माणसाच्या हातून भांडणात ट्रकचालक मारला गेला आणि जमाव दिसेल त्या जपान्यावर तुटून पडला. त्या मार खाणाऱ्यांत दोन्ही गटांचे लोक असणार, जमावाला फरक कुठे कळतो? ऑगस्टमध्ये नव्या राज्यघटनेतच जपानी स्थलांतराला बंदी घालावी, असा प्रस्ताव संसदेपुढे आला. मतं पडली ९९ विरुद्ध ९९. अध्यक्षांच्या एका मतानं तो फेटाळला गेला.

पुरावा कमी नव्हता

आपण सहसा असं समजतो की चुकीचं मत म्हणजे माहितीची कमतरता. माहिती भरली की मत सुधारतं, जणू पेट्रोलची टाकीच. ब्राझीलमध्ये माहिती होती. फोटो होते, सम्राटाची घोषणा होती, सह्या होत्या. मग अडलं कुठे?

एक तर, त्या मताला बरंच काही टांगलेलं होतं. परतीचं स्वप्न, मुलांना दिलेलं वळण, युद्धकाळात सोसलेला अपमान. ‘आज तुम्ही आम्हाला हाकलताय, उद्या आमची जहाजं येतील’ या आशेवर माणसांनी सांतोस सोडलं होतं. जपान हरला असेल, तर तो अपमान तसाच, बिनभरपाईचा राहतो.

दुसरं, मत बदलायची किंमत एकट्याला मोजायची होती. वस्तीवर तुमचं सगळं शेजाऱ्यांवर अवलंबून. कापणीला माणूस तिथूनच, मुलीला स्थळ तिथूनच, मयताला खांदा तिथूनच. हजारो मैलांवरच्या युद्धाबद्दल तुम्ही चुकीचं मानलंत तर उद्या सकाळी काही बिघडत नाही. पण बरोबर मानलंत तर सकाळी कुणी ओळख दाखवत नाही, किंवा रात्री कुणी दार वाजवतं. अशा वेळी चुकीचं मानणं हा मूर्खपणा म्हणावा का? मला तो नीट हिशोब करून घेतलेला निर्णय वाटतो, भले तो हिशोब मनाच्या मनातच झालेला असो.

आणि तिसरं, खरं सांगायला आलेल्यांवर विश्वास ठेवायला कारण उरलं नव्हतं.

याच युद्धातली दुसरी एक प्रसिद्ध गोष्ट इथे आठवते. लेफ्टनंट हिरू ओनोदा फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावरच्या जंगलात १९७४ पर्यंत लढत राहिले. त्यांच्यासाठी पत्रकं टाकली होती, घरच्यांचे निरोप पाठवले होते. त्यांना ते सगळं शत्रूचा डाव वाटलं. शेवटी त्यांचे जुने वरिष्ठ, मेजर तानिगुची, स्वतः बेटावर गेले आणि त्यांनी समोर उभं राहून आदेश वाचून दाखवला. ओनोदांनी शस्त्रं खाली ठेवली. नवा पुरावा काहीच नव्हता. सांगणारा माणूस बदलला होता.

म्हणजे पुरावे कुचकामी असतात का? असं म्हणायची एक फॅशन मध्यंतरी होती. चूक दाखवली की माणूस आणखी हट्टाला पेटतो, असा निष्कर्ष ब्रेंडन नायहान आणि जेसन रायफ्लर यांच्या २०१० मधल्या प्रयोगांतून काढला गेला आणि तो खूप गाजला. पुढे थॉमस वूड आणि इथन पोर्टर यांनी १० हजारांहून जास्त लोकांवर, ५२ मुद्द्यांवर हेच तपासलं, तेव्हा हा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. दुरुस्ती दिली की बहुतेक लोक थोडे तरी सत्याकडे सरकतात. फक्त तेवढ्यानं ते बाजू बदलत नाहीत. ब्राझीलची गोष्ट याच्याशी जुळते, कारण तिथेही शेवटी बहुतेक लोक सरकलेच.

कसे सरकले

अटका झाल्या, शिंदो रेन्मेईचे पुढारी तुरुंगात गेले, अनेकांना अँशिएता बेटावर डांबलं गेलं, हे खरंच. पण त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली. सप्टेंबर १९४६ मध्ये नवी राज्यघटना आली आणि जपानी वर्तमानपत्रं पुन्हा निघू लागली. ऑक्टोबरमध्ये ‘साओ पावलो शिंबुन’, जानेवारी १९४७ मध्ये ‘पाउलिस्ता शिंबुन’. हत्यांचं सत्र त्याच जानेवारीत थांबलं. एकामुळे दुसरं घडलं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण दोन्ही एकत्र घडलं हे नोंदवण्यासारखं आहे.

मग टपाल सुरू झालं. जपानातून भावाचं, बहिणीचं, आईचं पत्र येऊ लागलं. गावातलं कोण परत आलं नाही, काय जळलं, खायला काय मिळत नाही. ओळखीच्या अक्षरातली ही पत्रं. उद्ध्वस्त जपानला मदत पाठवायची मोहीम सुरू झाली. १९५३ पासून नवे जपानी स्थलांतरित यायला लागले, ते तर पराभव डोळ्यांनी बघून आलेले. हळूहळू, एकेका घरात, कुणीही जाहीर कबुली न देता, विषय मिटत गेला. अनेकांनी तो पुढे नातवंडांपाशीही काढला नाही.

जुलै २०२४ मध्ये ब्राझीलच्या सरकारी क्षमा आयोगानं युद्धकाळात आणि त्यानंतर जपानी लोकांवर झालेल्या अन्यायाबद्दल अधिकृत माफी मागितली. सांतोसमधून हाकललेले आणि अँशिएता बेटावर डांबलेले, दोघेही त्यात आले. त्यानं मिझोबे आणि नोमुरा यांचे मारेकरी निर्दोष ठरत नाहीत. पण त्यांच्या हातात बंदूक येण्याआधी काय काय काढून घेतलं गेलं होतं, हे तरी सरकारदरबारी नोंदलं गेलं.

हे सगळं वाचत असताना मला माझे एक काका सारखे आठवत होते. गेली काही वर्षं आमच्या फॅमिली ग्रुपवर ते काहीबाही पाठवतात आणि मी त्याखाली फॅक्टचेकची लिंक टाकतो. सगळ्यांसमोर. कधी सोबत हसणारी इमोजी. लिंक नेहमी बरोबर असते. पण ग्रुपवर पन्नास माणसं बघत असताना ‘चुकलं माझं’ म्हणायला मी त्यांना जागा कुठे ठेवली होती? त्यांच्या दृष्टीनं मी पाठवत होतो ती दुरुस्ती नव्हतीच. ‘याच्यावर पाय द्या’ असंच ते होतं.

माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. खोट्याला खरं म्हणायचं नाही, मासेदो सोआरेस यांची चूक करायची नाही. पण या दिवाळीत गावी जाईन तेव्हा फोन खिशात ठेवून काकांच्या शेजारी बसायचं ठरवलंय. आधी त्यांचं ऐकायचं. या एका मताला त्यांनी काय काय टांगून ठेवलंय, ते मला अजून माहीतच नाही.